मेमसाहेबांची वाक्यं

१२ ऑक्टोबर २००४

हो म्हणून कळवलं. मृणालचा चेहरा असा खुलला, जणू आईला नोकरी लागली. एकोणसत्तराव्या वर्षी, अमेरिकेत ॲन आर्बरमध्ये, आयेचं काम! राण्या केल्या, सावत्र सासवा केल्या, एक बाजारबसवी केली तर सोलापुरात स्टेजवर चपला आल्या. आता विद्यापीठाच्या नाटकात मेमसाहेबांचे केस विंचरायचे. नाटक सत्तेचाळीस सालचं, हिल स्टेशनवरचं. इंग्रज बाई बंगला सोडून निघालीय. दोन अंक नुसती निघतेच आहे.

दिग्दर्शक ग्रेग. चाळिशीचा, दाढीवाला, इथला प्राध्यापक. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात मी जुन्या नाटकातलं एक स्वगत म्हटलं, तेव्हा कुणीतरी त्याला धरून आणलं होतं. एक अक्षर कळलं नाही आणि डोळ्यांत पाणी. "यू आर सो ऑथेंटिक." मी विचारलं, मला वाक्यं किती? म्हणाला, मौन जास्त आहे.

मृ.ला सांगितलं की घरी डिशवॉशर रिकामा करत बसण्यापेक्षा बरं. खरं सांगायचं तर नऊ वर्षं तोंडाला रंग लागलेला नाही. हिचे बाबा गेले, मी हिच्याकडे आले, आणि सगळं थांबलं. भीक मिळाली तरी घेतली असती, हे इथे लिहायला हरकत नाही.

२ नोव्हेंबर

मेमसाहेब खुद्द इंग्लंडहून येणार. आयरिस वेदरबी. ग्रेग नाव घेताना आवाज खाली आणतो, आपल्याकडे गुरुजींचं नाव घेताना कानाची पाळी धरतात तसं काहीतरी. साठ वर्षांची कारकीर्द. मृ.ने ऑफिसातून कागद छापून आणले, म्हणाली, "वाच आई, किती मोठी बाई आहे."

वाचलं. सतराव्या वर्षी समुद्रकाठच्या कुठल्याशा गावात नाटक कंपनीत. मग लंडन. मग सिनेमे, सगळे काळे-पांढरे, गळ्यात मोत्याचा सर आणि स्टेशनवर निरोप. मग राण्या. मग राजमाता. आणि आता टीव्हीवर खुनाच्या मालिकेत अधूनमधून एक म्हातारी, ती पहिल्या अर्ध्या तासात मरते.

"ही आपण पाहिलीय," मृ. म्हणाली. पाहिलीय खरी, गालिच्यावर पालथी पडली होती.

२९ नोव्हेंबर

तालमी सुरू. बाई उंच, ताठ. पांढरे केस कमरेच्या खाली. विग लावणार नाही म्हणाल्या, स्वतःचे केस दाखवायचेत. दोन बोटांनी हात मिळवला.

"डिअर, तू कधी स्टेजवर उभी राहिलीयस का?"

"थोडीफार," मी म्हटलं. प्रयोगांचा आकडा सांगून हिला काय कळणार.

ग्रेगने सगळ्यांना वर्तुळात बसवून चेंडू फेकायला लावला. ज्याच्या हातात चेंडू त्याने आपली भीती सांगायची. पंचवीस वर्षांची घोडी आईबापांबद्दल बोलून रडली. मी म्हटलं, बर्फावर घसरण्याची भीती वाटते. बाईंनी चेंडू मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, या वयात मला भीती परवडत नाही. टाळ्या. मला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि घसरण्याची भीती खरीच आहे.

३ डिसेंबर

अजून टेबलाभोवती बसून चर्चा. "आयेला या क्षणी काय वाटत असेल?" आयेला वाटत असेल की तालीम कधी सुरू होणार.

माझं पाठांतर झालं. माझं म्हणजे सगळं नाटक. आमच्या कंपनीत मालकांचा दंडकच होता, आपल्यापुरतं पाठ करून चालायचं नाही. गाडी बंद पडली, कोणाला ताप चढला, तर दुसऱ्याने त्याच्या जागी उभं राहायचं आणि पडदा वेळेवर वर जायचा. ग्रेगला सांगितलं तर तो प्रेमाने हसला. "दॅट्स ब्यूटिफुल. पण तुमचं तुम्ही केलंत तरी पुरे." इथे एकाच्या जागी दुसरा उभा राहायचा म्हणजे कागदावर सह्या लागतात.

१० डिसेंबर

विद्यापीठात बाईंचं व्याख्यान. 'रंगभूमीवरचं आयुष्य'. साठ वर्षं एका तासात. कोणत्या सरदाराने कोणाच्या पायावर शॅम्पेन सांडली, कोणता नट दारू पिऊन तलवार विसरून आला. हॉल गडगडतोय. राणीकडून डेम ही पदवी मिळाली नाही हे दुःख इतक्या वेळा हसून सांगितलं की शेवटी दिसायला लागलं.

एक गोष्ट मात्र खरी बोलल्या. त्या गावच्या कंपनीत दर आठवड्याला नवं नाटक. रात्री एक करायचं, सकाळी पुढच्याची तालीम आणि जेवताना त्याच्या पुढच्याचं पाठांतर. हे सांगताना ओठ नुसते हलत होते. पाठांतर केलेल्या माणसाचे तसे हलतात. क्षणभर मला ही बाई ओळखीची वाटली.

मग तलवारीची गोष्ट पुन्हा सांगितली, तीच, तशीच. लोक पुन्हा हसले. अमेरिकन माणूस सभ्य. मी हसले नाही. त्यांच्या हातातल्या कागदाकडे बघत राहिले.

१५ डिसेंबर

आज ते झालं. दुसरा अंक. बाई आरशासमोर बसलेल्या, मी मागे फणी घेऊन. त्यांचं वाक्य: बंगला विकणार नाही, बागेतलं जर्दाळूचं झाड कर्नलने माझ्यासाठी लावलं. वाक्य आलं नाही. आरशात डोळे बघितले. आत कोणी नव्हतं.

मी विंचरत विंचरत म्हटलं, "मेमसाहेब काल म्हणत होत्या, बंगला विकणार नाही. कर्नलसाहेबांनी झाड लावलंय ना मेमसाहेबांसाठी." तिचंच वाक्य, आयेच्या तोंडात घालून. बाईंनी झेललं आणि पुढे गेल्या, जशी काही ती त्यांचीच युक्ती.

यात काही विशेष नाही. आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही येतं. समोरच्याचं वाक्य गेलं की त्याला विचारायचं, "तुम्ही मघाशी म्हणालात ना की…" आणि त्याच्या हातात द्यायचं. प्रेक्षकाला पत्ता लागत नाही.

खाली केटी बसलेली असते, संहिता मांडीवर घेऊन. कोणी शब्द चुकला की लिहून घेणं हे तिचं काम. तिने हात वर केला. "इंदू-जी, हे वाक्य तुमचं नाहीये."

मी "सॉरी" म्हटलं. बाईंनी लिपस्टिक काढून ओठांना लावली.

६ जानेवारी २००५

सुट्टीनंतर वाईट आहे. रोज एक तरी भगदाड. रोज मी बुजवते. रोज केटी मला चिठ्ठी देते, आया ही वाक्यं जास्तीची बोलली. बाईंच्या नावावर काहीच नाही, कारण त्या चुकायच्या आधीच मी बोललेली असते.

ग्रेगने बाजूला घेतलं. लेखकाशी करार आहे, एक शब्द बदलता येत नाही. मी बरं म्हटलं. सांगितलं का नाही? नटाचं वाक्य गेलं तर ते स्टेजच्या बाहेर न्यायचं नाही. हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. चप्पल बाहेर काढून आत जायचं कुणी शिकवतं का.

चहाच्या सुट्टीत बाई शब्दकोडं सोडवत होत्या. चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "तुम्हा लोकांना लिहिलेल्या शब्दाची सवय नसते, नाही? तुमचं सगळं गाणं, नाच, आयत्या वेळचं."

चहा गिळला. कोड्यातला एक शब्द त्यांना अडला होता, मला येत होता. सांगितला नाही.

२२ जानेवारी

मंडळाचं हळदीकुंकू, शाळेच्या कॅफेटेरियात. भिंतीवर फळं खा, दूध प्या अशी चित्रं, खाली पैठण्या. अध्यक्ष शुभदा, नागपूरची, पोरगी मनाने वाईट नाही पण पाहुण्यांची हौस फार. तिने बाईंना बोलावलं होतं. वर्तमानपत्रात फोटो आला की मंडळाची शान.

बाई आल्या, लोकरीचा स्कर्ट, काळी शाल. शुभदाने कुंकू लावलं, अत्तर, तिळगूळ, आणि मग ओटी. नारळ, तांदूळ, खण. "मॅडम, होल्ड युअर शॉल लाइक धिस, यार कोणी दाखवा ना त्यांना." बाईंनी शालीचा पदर केला आणि अशा काही नजरेने ओटी घेतली की सगळ्या बायका विरघळल्या. दोन नवरे सोडलेली, तिसरा मागच्या वसंतात गेलेली बाई. अखंड सौभाग्याची ओटी. कोणी विचारलंच नव्हतं. गोऱ्या कातडीला विधवा कोण म्हणणार.

ताट माझ्यापर्यंत आलं तेव्हा शुभदाचा हात कुंकवाच्या करंड्यावरून उडाला. "काकू, तुम्हाला तिळगूळ देते हं. दोन घ्या." दोन घेतले.

हे सगळं चाललं असतं. गमतीत लिहिलं असतं. पण मग शुभदा शेजारी बसली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"इंदूकाकू, एक बोलू? रागवू नका. त्या मॅडम सांगत होत्या, तुम्हाला हल्ली वाक्यं आठवत नाहीत म्हणून. त्या सांभाळून घेतात म्हणे तुम्हाला. इतक्या प्रेमाने बोलत होत्या हो. आमच्या आईला पण झालं होतं असंच. मी ब्राह्मीच्या गोळ्या आणून देऊ का? एडिसनच्या देशी दुकानांत मिळतात."

पलीकडे बाई नारळ कानाशी धरून हलवून बघत होत्या. आत पाणी आहे का ते.

२३ जानेवारी

रात्रभर अंग तापलेलं.

चाळीस वर्षांत माझं एक वाक्य गेलं नाही. वडील गेल्याची तार मध्यंतरात आली, तिसरा अंक केला, अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. आणि ही बया, जिला मी रोज उचलून पलीकडे नेऊन ठेवते, ती म्हणते मी विसरते.

मृ. म्हणाली, "ग्रेगला सांगून टाक ना सरळ. तू तिला का कव्हर करतेस?"

"तिच्यासाठी करत नाही."

"मग कोणासाठी?"

"नाटकासाठी."

"आई, इट्स अ युनिव्हर्सिटी प्ले."

हिला शाळेत असताना विंगेत झोपवून प्रयोग केलेत. काही शिकली नाही. आयटीत गेली.

२ फेब्रुवारी

ग्रेगने ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं, खुर्ची माझ्या खुर्चीसमोर आणून ठेवली, सावकाश बोलला. बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं. माझा त्याला फार आदर आहे. वयाचाही. पण ही अधिकची वाक्यं थांबली पाहिजेत. "आयरिसला खूप पेशन्स आहे, पण तिच्यावर ताण येतो." उद्यापासून फक्त माझी वाक्यं, जशी लिहिलीत तशी. नाही जमलं तर अंजली म्हणून एक विद्यार्थिनी तयार आहे, ती माझी जागा घेईल. घरची भारतीय आहे.

निघताना एका डॉक्टरचं नाव दिलं. स्मरणशक्तीचा. कागद घेतला, घडी करून पर्समध्ये ठेवला, थँक्यू म्हटलं.

बरं. फक्त माझी वाक्यं. आयेला वाक्यं थोडी आहेत, मौन जास्त आहे, तोच म्हणाला होता. आता मौनच करते. बाई भर स्टेजवर तोंड उघडं टाकून बसतील, मग कळेल कोण कोणाला सांभाळत होतं. मला तोंडसुद्धा उघडावं लागणार नाही. इतका सोपा सूड नाटकातसुद्धा मिळत नाही.

१० फेब्रुवारी

गप्प राहिले. दुसऱ्या अंकात बाई थांबल्या. मी विंचरत राहिले. त्या आरशातून माझ्याकडे बघायला लागल्या, पहिल्यांदा बघितलं असेल नीट. केटीने खालून वाक्य दिलं. बाई म्हणाल्या, "सॉरी, डार्लिंग्ज, रात्री झोप नाही झाली. आणि इंडू क्यू जरा उशिरा देते."

ग्रेगने माझ्याकडे बघून मान हलवली, समजूतदारपणे.

तालमीनंतर मफलर विसरले म्हणून परत गेले. ग्रीनरूममध्ये बाई एकट्या, एका पायात बूट, एक हातात. जर्दाळूचं वाक्य म्हणत होत्या. 'कर्नलने' पर्यंत यायचं आणि संपायचं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा 'कर्नलने'. चढावर गाडी परत परत बंद पडावी तसं. मला वाटलं होतं बरं वाटेल. वाटलंही, दारापर्यंत. पार्किंगमध्ये मृ.च्या गाडीत बसल्यावर मफलर सोडून टाकला. तिला म्हटलं, हीटर कमी कर.

पण कीव करणार नाही. माझ्या नावाला लागलेलं तिने काढलेलं नाही.

२५ फेब्रुवारी

काल पहिला प्रयोग. इथे नारळ नाही, नमस्कार नाही, शुभेच्छा म्हणून एकमेकांना पाय मोडो म्हणतात. मी विंगेत कोपऱ्यात स्टेजला हात लावला. बाई बघत होत्या.

हॉल भरलेला. मृ., जावई, शुभदा आणि मंडळाच्या दोन रांगा. मंडळातले लोक मी एंट्री घेतल्यावर टाळ्या वाजवायला लागले, अमेरिकन प्रेक्षक वळून बघायला लागले. लाज काढतात. अंजली विंगेत माझ्याच रंगाची साडी नेसून उभी, लागली तर असावी म्हणून. पोरीने निऱ्या उलट्या बाजूला घेतल्या होत्या.

पहिला अंक निभावला. दुसरा अंक. आरसा, खुर्ची, फणी. "बंगला मी विकणार नाही. बागेतलं जर्दाळूचं झाड कर्नलने." गेलं.

शांतता. इथे खालून वाक्य द्यायची सोय नाही, प्रयोगात केटी वर काचेमागे. बाईंचे खांदे माझ्या हाताखाली होते. कापत नव्हते, दगड झाले होते. माझ्या जिभेवर तिचं वाक्य तयार. ग्रेग तिसऱ्या रांगेत, मला दिसत होता. फक्त तुमची वाक्यं.

इतका वेळ गेला की कोणीतरी खोकलं. मी वाट बघत होते हे खोटं नाही. पडू दे म्हणत होते मनात. पण स्टेजवर असं भोक पडलेलं माझ्याच्याने बघवत नाही. कोणाचंही असो. शत्रूचं असो.

फणी केसांत होती. एक बट बोटाला गुंडाळली आणि मुळापासून ओढली. चांगली. आईने शाळेत जाताना ओढावी तशी.

बाई "आ" म्हणून कळवळल्या आणि त्या कळवळ्यातूनच वाक्य बाहेर आलं, "…माझ्यासाठी लावलं." डोळ्यांत पाणी, आवाज फाटलेला. हॉलमध्ये रडण्याचे आवाज. शुभदा तर हुंदके देत होती.

ग्रेगने वाक्यांबद्दल सांगितलं होतं. केसांबद्दल काही म्हणाला नव्हता.

नंतर ग्रीनरूममध्ये गर्दी, फुलं. ग्रेग बाईंना म्हणत होता, "तो पॉज! तो पॉज कुठून आणलास?" बाई म्हणाल्या, "साठ वर्षांतून, डार्लिंग." डोक्याचा तो भाग मात्र दाबत होत्या.

१ मार्च

गावच्या पेपरात परीक्षण. बाईंचं मौन म्हणजे एका साम्राज्याचा अस्त वगैरे. माझ्याबद्दल एक ओळ, 'आयेची मूक प्रतिष्ठा'. मंडळाने कात्रण लॅमिनेट करून आणलं.

रोज ओढते. कधी त्याच जागी, कधी दुसरीकडे, जिथे वाक्य जाईल तिथे. केटीची एक चिठ्ठी नाही. ग्रेग म्हणतो, "इंदू-जी, यू आर सो प्रिसाइज नाऊ." डॉक्टरांकडे गेले असेन असं वाटलं असणार त्याला.

बाईंशी या विषयावर शब्द नाही. काल प्रयोगाआधी फणी स्वतः पुसून माझ्या हातात दिली.

४ मार्च

शिकागोच्या एका थिएटरला नाटक हवंय. उन्हाळाभर. ग्रेग घरी सांगायला आला, मृ.ने त्याला साबुदाण्याची खिचडी घातली. बाईंनी अट घातलीय, आया हीच पाहिजे, नाहीतर मी येत नाही. ग्रेग गहिवरला होता. "ती तुम्हाला सोडायला तयार नाही, तुमच्या… अडचणी असूनही. काय मन आहे."

अडचणी म्हणे.

मृ. "आई, शिकागो" म्हणून गळ्यात पडली. ग्रेगला सोमवारी उत्तर द्यायचंय. मला जायचंय. इतकं जायचंय की तेच पुन्हा लिहितेय. उन्हाळाभर रोज रंग लावायचा. पण बाईंचं सांभाळून घेतलेलं ओझं म्हणून नाही जाणार. शिकागोत सगळ्यांना आधीच माहीत असेल, आया विसरते, बिचारी.

संध्याकाळी बाईंना त्यांच्या खोलीवर गाठलं. बसले नाही. म्हटलं, "येते. एका अटीवर. ग्रेगला सांगायचं की वाक्यं तुम्ही विसरता, मी नाही. माझ्यासमोर नाही सांगितलं तरी चालेल. पण सांगायचं."

उठून खिडकीशी गेल्या. बाहेर बस थांबली, निघून गेली.

"त्याला सांगितलं तर तो मला घेणार नाही."

"माहीत आहे."

"मला दुसरं काही येत नाही, इंडू."

"मला येतं का?" मी म्हटलं.

मग त्यांनी इतकंच विचारलं, ते ओटी का काय घातलं होतं त्या बायकांनी, त्याचा अर्थ काय. मी सांगितला. हसल्या. पहिल्यांदाच त्यांच्या हसण्याने माझं डोकं उठलं नाही. मग म्हणाल्या, तुला का नाही दिलं? मी म्हटलं, मी खरी विधवा आहे. यावर दोघी हसलो, आणि लगेच मला स्वतःचाच राग आला. दार लावून निघाले.

६ मार्च

उद्या सोमवार.

दुपारी एकटीच घरात. फोन वाजला. बाई. आवाज स्वच्छ, खणखणीत, व्याख्यानातला.

"इंडू, मी ठरवलंय. ग्रेग चहाला येतोय. आज सांगून टाकते त्याला."

आभार मानायचे की नाही याचा विचार करत होते. मानायचे नाहीत असं ठरवलं.

तिकडे पाण्याची किटली शिटी घालायला लागली. कोणी उठून बंद करेना. शिटी वाजतेय, वाजतेय, आणि मग बाई म्हणाल्या, हळू आवाजात, तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, "डिअर, मला त्याला काय सांगायचं होतं?"

विसरलेला माणूस मी आयुष्यभर बघितलाय. विसरल्याचं काम करणाराही बघितलाय, केलंयही. अंधारात वेगळे काढीन अशी घमेंड होती. आज फोनवर काही कळलं नाही. खरं असेल तर ती संपलीय. खोटं असेल तर इतकं चांगलं काम मी कोणाचं पाहिलेलं नाही. दोन्हींत मीच अडकले.

वाक्य माझ्याकडे आहे. अख्खं पाठ आहे. "मी विसरते, इंदू नाही." पण ते मीच तिच्या तोंडात घातलं तर ते तिने सांगितलं असं होईल का? आणि नाही घातलं तर ग्रेग चहा पिऊन जाईल आणि सगळं आहे तिथे राहील.

"इंडू? तू आहेस ना तिथे?"

"आहे," म्हटलं. "थांबा जरा."

रिसीव्हर टेबलावर ठेवलाय आणि हे लिहितेय. किटली बंद झाली. उठून केली असेल त्यांनी, किंवा पाणी संपलं असेल. श्वास ऐकू येतोय. बाई थांबल्यात.